घरगुती पाळणाघर आणि करसवलती : रत्नागिरी जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

एखाद्या व्यवसायास उत्तेजन द्यावयाचे म्हटले की त्यास करात सवलत द्यावी, ही सूचना बहुधा प्रथम पुढे येते. घरच्या घरी पाळणाघर चालविण्याचा व्यवसायही यास अपवाद नाही. गृहिणीस घर न सोडता अर्थार्जन करता येते, नोकरी करणाऱ्या मातेची सोय होते आणि शासनास इमारत बांधावी लागत नाही. तेव्हा अशा व्यवसायास करसवलत देणे सर्वांच्याच हिताचे होय, असे वरवर पाहता वाटते. परंतु ही सवलत प्रत्यक्षात कोणाच्या हाती पडते, किती पडते आणि जिच्या नावाने ती मागितली जाते त्या स्त्रीपर्यंत ती पोचते काय, याचा विचार क्वचितच केला जातो. प्रस्तुत लेखात रत्नागिरी जिल्हा दृष्टीसमोर ठेवून तो करावयाचा आहे.

रत्नागिरीची निवड सहेतुक आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ होती आणि तीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. नागरी वस्तीचे प्रमाण अवघे १६.३३ टक्के होते. पुरुषांनी मुंबईस जावे, स्त्रियांनी मागे राहून घर, शेत व मुले सांभाळावीत आणि दरमहा येणाऱ्या मनिऑर्डरीवर संसार चालावा, ही कोकणची जुनी घडी या आकड्यांतून अद्यापही दिसते. त्या घडीत बालसंगोपन ही विनिमयाची वस्तू नव्हती. आजी, काकी किंवा शेजारीण ओटीवर बसून मूल सांभाळी. त्याचा मोबदला पैशांत कोणी मोजीत नसे, आणि जे पैशांत मोजले जात नाही त्यावर कर नाही व करसवलतही नाही.

या व्यवस्थेत दोन ठिकाणी फट पडली आहे. रत्नागिरी, चिपळूण यांसारख्या शहरांत बदलीच्या नोकरीनिमित्त येणाऱ्या शिक्षिका, परिचारिका, बँक-कर्मचारी यांचे आप्त अन्य जिल्ह्यांत राहिलेले असतात. त्यांना मोबदला देऊन मूल सांभाळणारे घर हवे असते. दुसरीकडे काजू, आंबा व मासळी यांच्या हंगामी कामांत रोजंदारी करणाऱ्या स्त्रियांनाही हीच गरज असते. मात्र त्यांची देण्याची शक्ती अत्यल्प असते. गरज एकच असली तरी तिच्या पाठीमागील पैसा भिन्न आहे. पुढील विवेचनात हा भेद वारंवार उपयोगी पडेल.

२. संस्था आणि घर

महाराष्ट्रात बालशिक्षणाने घराच्या अंगणाची थोरवी फार पूर्वी ओळखली. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम-बालशिक्षण केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये हे कार्य कोसबाड येथे गेले. तेथे अनुताई वाघ यांच्या सहकार्याने मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हा विचार प्रत्यक्षात उतरला. ‘अंगणवाडी’ हा शब्द पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी आरंभ झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने देशभर नेला.

कायद्याने मात्र वेगळी वाट धरली. १९४८ च्या कारखाने अधिनियमात तीसहून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यावर पाळणाघराची सक्ती होती. प्रसूतिलाभ अधिनियमातील २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर तशीच जबाबदारी टाकली. केंद्र शासनाची राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना २००६ मध्ये सुरू झाली. २०२२ पासून ‘मिशन शक्ती’ अंतर्गत ‘पालना’ या नावाने अंगणवाडी-सह-पाळणाघराची कल्पना आली. या सर्व तरतुदींत कारखाना आहे, आस्थापना आहे, अंगणवाडी आहे. स्वतःच्या दोन खोल्यांत सात-आठ मुले सांभाळणारी गृहिणी कोठेही नाही.

करकायद्याचीही दृष्टी अशीच आहे. येथे १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमाची कलमे उद्धृत केली आहेत, कारण आजवरचे न्यायनिर्णय व वाङ्मय त्याच क्रमांकांनी चालते. १ एप्रिल २०२६ पासून त्याची जागा २०२५ चा अधिनियम घेतो, तथापि येथे विचारात घेतलेल्या तत्त्वांत त्यामुळे मूलगामी फरक पडत नाही. नव्या उद्योगास नफ्यातून पूर्ण वजावट देणारे कलम ८०-आयएसी केवळ कंपनी व मर्यादित दायित्व भागीदारी यांना लागू आहे. नवे कामगार नेमल्याबद्दल अधिक वजावट देणारे कलम ८०-जेजेएए ज्यांच्या हिशेबांची सक्तीची तपासणी होते अशा मोठ्या व्यावसायिकांपुरते मर्यादित आहे. धर्मादाय न्यासांस मिळणारी सूटही नोंदणीकृत संस्थेस मिळते. सारांश, सवलतींचा ओघ संस्थेकडे वाहतो, घराकडे नव्हे.

३. संचालिकेचा प्राप्तिकर

तरीही घरगुती व्यावसायिकेस काहीच नाही असे नाही. कलम ४४-एडी अन्वये लहान व्यावसायिकास हिशेबवह्या न ठेवता ढोबळ जमेच्या ८ टक्के, आणि बँकेमार्फत अथवा विद्युत्-माध्यमातून आलेल्या रकमेपुरते ६ टक्के, इतका नफा गृहीत धरून विवरणपत्र भरता येते. २०१६ मध्ये यासाठीची उलाढालीची मर्यादा दोन कोटी रुपये झाली. २०२३ मध्ये, रोखीची जमा पाच टक्क्यांहून अधिक नसल्यास, ती तीन कोटी करण्यात आली. ही खरी सोय होय. परंतु ती हिशेबाची सोय आहे. पैशांच्या दृष्टीने तिचे मोल किती, हे उदाहरणावरून स्पष्ट होईल.

रत्नागिरी शहरात एका स्त्रीने आठ मुले सांभाळावयास घेतली व प्रत्येकी दरमहा ३,००० रुपये घेतले असे कल्पू या. वर्षाची जमा २,८८,००० रुपये होईल. मदतनीस बाईस दरमहा ८,००० प्रमाणे ९६,००० रुपये आणि खाऊ, इंधन, साबण, खेळणी यांचे ६०,००० रुपये वजा जाता १,३२,००० रुपये नफा उरेल. नव्या करपद्धतीत आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून चार लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त आहे, आणि कलम ८७-ए च्या सुटीमुळे बारा लाखांपर्यंतच्या सामान्य उत्पन्नावर प्रत्यक्षात कर पडत नाही. जुन्या पद्धतीतही करमुक्त मर्यादा अडीच लाखांची आहे. तेव्हा या स्त्रीने प्रत्यक्ष नफा दाखविला काय किंवा जमेच्या ८ टक्के, म्हणजे २३,०४० रुपये दाखविले काय, तिचा कर शून्यच आहे.

हीच गणना उलट दिशेने केली असता अधिक बोधक ठरते. वरील प्रमाणात एका मुलामागे वर्षाला १६,५०० रुपये नफा पडतो. बारा लाखांची सीमा ओलांडण्यास सुमारे ७३ मुले सांभाळावी लागतील. इतकी मुले ज्या जागेत मावतील ती जागा घर राहणार नाही. अर्थात व्यवसाय जोवर घरगुती आहे तोवर त्यास प्राप्तिकर नाही, आणि ज्या दिवशी प्राप्तिकर लागू होईल त्या दिवशी तो घरगुती राहिलेला नसेल. ज्याच्यावर कर नाही त्यास दिलेली वजावट कितीही उदार असली तरी तिचे मूल्य शून्य होय.

वस्तू व सेवा कराबाबतही असेच आढळते. सेवाव्यवसायास नोंदणीची सक्ती वार्षिक वीस लाखांच्या उलाढालीनंतर होते. पूर्वप्राथमिक शिक्षणसेवेस दिलेली सूट घरगुती पाळणाघरास लागू पडते की नाही, हा वाद म्हणूनच येथे निरर्थक ठरतो. उलट नोंदणी नसल्यामुळे तिने खरेदी केलेल्या साहित्यावरील कर तिला परत मिळत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली व रंगीत खडू करमुक्त झाले आणि बांबू-वेताच्या सामानावर ५ टक्के कर राहिला, हा त्यातल्या त्यात लाभ. परंतु लाकडी वा लोखंडी सामानावरील १८ टक्के तिलाच सोसावे लागतात.

४. घराचा वाटा

घर व व्यवसाय एकाच छपराखाली असता खर्चाची विभागणी कशी करावी, हा करशास्त्रातील एक नाजूक प्रश्न आहे. अमेरिकेने १९७६ मध्ये घराचा जो भाग केवळ व्यवसायासाठीच राखून ठेवला असेल त्याचाच खर्च वजा करू देण्याचा कडक नियम केला. पाळणाघरास तो जाचक होता, कारण दिवसा जेथे मुले झोपतात तेथेच रात्री कुटुंब झोपते. म्हणून १९७७ मध्ये बालसंगोपनाच्या व्यवसायास अपवाद करण्यात आला आणि जागेचे प्रमाण व वेळेचे प्रमाण यांचा गुणाकार करून खर्चाचा वाटा काढण्याची रीत रूढ झाली. या सवलतीस एक अट जोडलेली आहे: व्यवसायास राज्याचा परवाना वा नोंदणी असली पाहिजे, किंवा राज्याच्या कायद्याने तीतून सूट दिलेली असली पाहिजे.

भारतीय कायद्यास असा अपवाद करावा लागला नाही. कलम ३८ केवळ व्यवसायासाठी वापरलेल्या भागाच्या योग्य प्रमाणात भाडे, दुरुस्ती व घसारा वजा करू देते. अनन्य वापराची अट ते घालीत नाही. अर्धे घर, दिवसाचे दहा तास, वर्षाचे तीनशे दिवस असा वापर धरल्यास वेळेचे प्रमाण ८,७६० तासांपैकी ३,००० तास, म्हणजे सुमारे ३४ टक्के येते; जागेचे प्रमाण निम्मे असल्याने एकूण वाटा सुमारे १७ टक्के पडतो. दरमहा ६,००० रुपये भाडे असल्यास वर्षाला सुमारे १२,३०० रुपये वजा होऊ शकतील. परंतु ही वजावट जिच्या उत्पन्नातून व्हावयाची ती पूर्वीच करमुक्त आहे.

दोन देशांतील खरा फरक सूत्रात नसून हेतूत आहे. अमेरिकेत सवलत ही नोंदणी करून घेण्याची किंमत म्हणून दिली जाते. तिच्यामुळे बालकांच्या सुरक्षिततेच्या नियमांखाली घरे आणता येतात. येथे करसवलत व नोंदणी यांचा काहीच संबंध जोडलेला नाही. परिणामी कर शून्य असूनही पुष्कळ स्त्रिया ‘नाव लागले की कर मागे लागेल’ या भीतीने अप्रकट राहतात. ही भीती निराधार आहे. १ जुलै २०२० पासूनची उद्यम-नोंदणी निःशुल्क आहे आणि तिच्यामुळे कोणतेही नवे करदायित्व उत्पन्न होत नाही.

५. भांडवलाचा उगम

या सर्व व्यवहारात कर जेथे खरोखर उत्पन्न होऊ शकतो ती जागा मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. पतीने पत्नीस मोबदल्याविना दिलेला पैसा तिने व्यवसायात गुंतविला, तर कलम ६४ अन्वये त्या प्रमाणातील नफा पतीच्या उत्पन्नात मिळविला जातो. वर्षारंभी असलेल्या एकूण गुंतवणुकीत पतीच्या देणगीचा हिस्सा किती, यावरून हे प्रमाण ठरते.

पाळणे, गाद्या, पंखा, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र यांसाठी ५०,००० रुपये लागले आणि त्यांतील ४०,००० पतीने दिले असे समजा. वर्षारंभीचे हिस्से तेच असल्यास हे प्रमाण ८० टक्के होईल. प्रत्यक्ष नफा १,३२,००० दाखविला असता त्यांतील १,०५,६०० रुपये पतीच्या उत्पन्नात मोडतील. पती २० टक्क्यांच्या टप्प्यातील करदाता असेल, तर उपकर वगळता २१,१२० रुपये कर द्यावा लागेल. पत्नीच्या हाती जे उत्पन्न पूर्णतः करमुक्त होते, ते केवळ भांडवलाच्या उगमामुळे करपात्र ठरते. धनिकांनी उत्पन्न कुटुंबात वाटून कर चुकवू नये म्हणून केलेला नियम येथे गृहिणीच्या पहिल्या उद्योगावर येऊन पडतो.

यावर उपाय आहे. स्त्रीने स्वतःच्या बचतीतून आरंभ करावा, अथवा कर्ज काढावे. ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या मुद्रा योजनेतील ‘शिशु’ वर्गात ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाविना मिळू शकते आणि त्यावरील नफा निर्विवाद तिचाच राहतो. येथे नियमित भरलेले विवरणपत्र कामास येते. कर शून्य असूनही ते भरण्याचे प्रयोजन हेच की, बँकेपुढे उत्पन्नाचा तोच एक लेखी पुरावा असतो.

६. पालक आणि मालक

सवलत संचालिकेस निरुपयोगी असेल, तर ती ग्राहकास द्यावी, असा दुसरा पक्ष संभवतो. पालक करदाता असेल तर सवलतीस किंमत येते, आणि तिचा काही अंश वाढीव शुल्काच्या रूपाने संचालिकेस मिळतो. परंतु चालू कायद्यात हा मार्गही अरुंद आहे. कलम ८०-सी मध्ये दोन अपत्यांच्या पूर्णवेळ शिक्षणाच्या शुल्कास वजावट आहे. खेळशाळा व शिशुवर्ग यांचा त्यात समावेश होतो, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने स्पष्ट केले आहे. मात्र ते शुल्क शिक्षणसंस्थेस दिलेले असावे लागते. शेजारच्या घरी मूल सांभाळल्याबद्दल दिलेला पैसा या व्याख्येत बसत नाही. शिवाय २०२० मध्ये आणलेल्या आणि २०२३-२४ पासून मूळ पद्धत ठरलेल्या नव्या करपद्धतीत ही वजावटच नाही. एकच बाई सकाळी गाणी शिकवी आणि दुपारी मुलांस झोपवी. कायद्यास त्यांतील सकाळ तेवढी दिसे, आणि आता नव्या पद्धतीत तीही दिसेनाशी झाली आहे.

तिसरा पक्ष मालकाचा. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या कलम ६७ नुसार पन्नास कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावयाची आहे. ती स्वतंत्र असलीच पाहिजे असे नाही. शासन, नगरपालिका, खासगी व्यक्ती वा स्वयंसेवी संस्था यांच्या सामायिक पाळणाघराचा उपयोग करून घेण्यास, तसेच अनेक आस्थापनांनी मिळून खर्च उचलण्यास संहिता मुभा देते. यासाठी केलेला खर्च मालकाच्या नफ्यातून व्यवसायखर्च म्हणून वजा होतो. सवलतीच्या दराने कर भरणाऱ्या कंपनीचा दर अधिभारासह २५ टक्क्यांच्या किंचित वर जातो. म्हणजे पाळणाघरास दिलेल्या प्रत्येक लाखामागे सुमारे २५,००० रुपयांचा भार शासन उचलते. विद्यमान कायद्यात घरगुती पाळणाघरास उपकारक ठरू शकेल अशी खरी करसवलत ही होय, आणि ती मालकाच्या हिशेबात दडलेली आहे. मिरजोळे औद्योगिक क्षेत्रातील आस्थापनांनी निकटच्या वस्तीतील घरांशी असा करार करण्यास तत्त्वतः अडचण नाही. मात्र अंतर, जागा व मनुष्यबळ यांविषयीचे निकष त्या घरांस पाळावे लागतील. पन्नासांहून कमी माणसे असलेले काजूचे लहान कारखाने आणि आंब्याच्या बागा मात्र या योजनेच्या बाहेरच राहतात.

७. स्थानिक कर आणि वीज

प्राप्तिकराच्या चर्चेत ज्यांचा उल्लेखही होत नाही असे दोन भार संचालिकेस प्रत्यक्ष जाणवतात. पहिला घरपट्टीचा. निवासी व व्यापारी वापर यांत नगरपरिषद व ग्रामपंचायत भेद करतात. घराचा वापर बदलला असे ठरल्यास वाढणारी पट्टी नफा-तोटा न पाहता वसूल होते आणि तिच्यावर करमुक्त मर्यादेचे संरक्षण नसते.

दुसरा भार विजेचा. परंतु येथे एक अनुकरणीय उदाहरणही आढळते. निवासाच्या एका भागात लहान व्यवसाय चालविणाऱ्या ग्राहकाचा वापर मासिक ३०० युनिट व वार्षिक ३,६०० युनिट यांच्या आत असल्यास त्यास निवासी दरच लावावा, अशी तरतूद महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या दर-आदेशांत आली. या तरतुदीचे वैशिष्ट्य असे की तिच्या लाभासाठी उत्पन्न करपात्र असावे लागत नाही, कंपनी असावी लागत नाही, हिशेबतपासनीस लागत नाही. घर हे घरच मानावे, एवढेच ती सांगते. विशिष्ट संख्येपर्यंत मुले सांभाळणाऱ्या नोंदणीकृत घरास निवासी घरपट्टीच लावावी, असा नियम याच धर्तीवर करता येण्याजोगा आहे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. प्रथम, घरगुती पाळणाघराच्या संचालिकेस प्राप्तिकरात आणखी सवलत देणे हे देखावा करण्यासारखे आहे, कारण तिचे उत्पन्न करसीमेच्या पुष्कळ खाली असते. द्वितीय, सवलत परिणामकारक व्हावयाची तर ती जेथे कर प्रत्यक्ष भरला जातो तेथे, म्हणजे पालक व मालक यांच्या ठायी, दिली पाहिजे आणि ती नोंदणीकृत घरांपुरतीच ठेवली पाहिजे. त्यायोगे बालकांच्या सुरक्षिततेचाही प्रश्न सुटू लागेल. तृतीय, संचालिकेवरचे खरे भार घरपट्टी, वीज, साहित्यावरील अप्रत्यक्ष कर आणि भांडवलावरील एकत्रीकरणाचा नियम हे आहेत. ते हलके करणे अल्पखर्चाचे व तत्काळ फलदायी ठरेल.

तथापि यांपैकी कोणताही उपाय बंदरावर मासळी निवडणाऱ्या अथवा बागेत आंबे वेचणाऱ्या स्त्रीस पुरेसा नाही. ती करदाती नाही, तिचा मालक बहुधा संहितेच्या संख्यामर्यादेखाली आहे, आणि तिचे मूल सांभाळू शकणारी शेजारीणही करदाती नाही. करयंत्रणा तिच्या घरावरून जाते, घरात शिरत नाही. तिच्या मुलापुरते ‘पालना’सारख्या योजनेतून, किंवा शेजारच्या घरास प्रत्येक मुलामागे थेट अनुदान देऊन, साहाय्य करणे हाच मार्ग उरतो. पहिल्या वर्गास करसवलत देऊन दुसऱ्या वर्गाचाही प्रश्न सुटला असे मानणे, ही या विषयात होण्याजोगी सर्वांत मोठी चूक ठरेल. कोणत्या तालुक्यात कोणत्या वर्गाची गरज किती आहे, हे घरोघर जाऊनच मोजावे लागेल. जिल्ह्यातील अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते काम सहज हाती घेण्याजोगे आहे.